अर्जात न भरलेलं पुणे

पूर्व नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो. सीईटीचे पर्सेंटाइल लागले की पुढचे दोन महिने माझ्या घरच्या व्हरांड्यात पोरं-पोरी इंजिनीअरिंगचे अर्ज भरायला येऊन बसतात. हे प्रकरण त्यातल्याच एका मुलीचं, २०२५ च्या प्रवेशांचं आहे. घरच्यांना विचारून लिहितोय. नावं टाळली आहेत, आकडे मात्र त्यांच्याच वहीतले आहेत.

वडील इतवारीत धान्याच्या एका ठोक दुकानात मुनीम. पगार १७,०००. आई नंदनवन भागातल्या घरूनच डबे देते. गोंदिया, देवरी, साकोलीकडून शिकायला आलेल्या आणि आसपास खोली करून राहिलेल्या मुली हे तिचं गिऱ्हाईक. सगळा खर्च जाऊन महिन्याला सात-आठ हजार सुटतात. घर स्वतःचं, पण वरच्या स्लॅबसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं, त्याचा हप्ता ३,२००. धाकटा भाऊ तेव्हा दहावीत गेला होता. मुलगी स्वतः रोज संध्याकाळी पाच ते सात सहा मुलांची शिकवणी घेते आणि त्याचे ४,२०० येतात. ते तिचे खिशातले पैसे आहेत असा माझा समज होता. घरचा किराणा त्यातून येतो, हे मला नंतर कळलं.

मुलगी हुशार. ओबीसी, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढलेला, जात वैधता प्रमाणपत्रही हातात. जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांचा जीव या शेवटच्या कागदासाठी टांगणीला लागलेला असतो, ती चिंता इथं नव्हती. त्यामुळे मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "तुला फी माफ आहे. कॉलेज कोणतंही टाक, पैशाचा विचार करू नको."

हे मी हवेत बोललो नव्हतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. अट एवढीच की प्रवेश कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही, आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठातलाही नाही. म्हणजे सरकारी आणि खासगी कॉलेजांच्या फीमध्ये जी दरी होती, ती या मुलींपुरती कागदावर जवळपास बुजली. माझं वाक्य कागदाच्या दृष्टीनं बरोबरच होतं.

पहिली फेरी तिनं स्वतःच, मोबाइलवरून भरली. लागलं खापरीचं सरकारी कॉलेज, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. तिला हवं होतं कॉम्प्युटर. म्हणून दुसऱ्या फेरीआधी पसंतीक्रम नीट लावून घ्यायला ती माझ्याकडे आली, तेव्हा मी तिची पहिली यादी पहिल्यांदा पाहिली. अकरा पर्याय होते. सगळे नागपुरातले.

मला धक्का बसला. मागच्या वर्षीचे कटऑफ पाहिले तर पुण्याच्या दोन कॉलेजांत तिला कॉम्प्युटर मिळण्यासारखं होतं. आम्ही मे महिन्यात बसून ती दोन्ही कॉलेजं लाल पेनानं खुणा करून ठेवली होती. अर्जात त्यांचा मागमूस नव्हता. आई-बाबा नको म्हणाले का, असं विचारलं. नाही म्हणाली. त्यांना तिनं पुण्याचं सांगितलंच नव्हतं.

"सर, टाकून काय करू? पहिल्या नंबरवर टाकलं अन् लागलं, तर घ्यावंच लागते. नाही घेतलं तर फेरीतूनच बाहेर. खाली टाकलं तर वरचं नागपूरचं लागून जाईल. मग टाकून न टाकून सारखंच."

अठरा वर्षांच्या मुलीनं नियम माझ्यापेक्षा नीट वाचला होता. पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत लागली, तर ती आपोआप पक्की होते. २०२५ मध्ये तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींनाही हेच बंधन लावलं होतं. नियमामागचं कारण मला पटतं. चांगल्या पर्सेंटाइलची मुलं जागा अडवून बसतात आणि शेवटी सोडून देतात, त्याला आळा हवाच. पण ज्या घरात पैशाची खात्री नाही, तिथं या नियमाचा अर्थ बदलतो. पुण्याचं लागतंय का ते आधी बघू, मग पैशाचं बघू, असं करायची सोयच राहत नाही. मन लावायचं तर पैसा आधी हातात हवा. आणि हे सगळं कुठल्या नोंदीत येत नाही. हे प्रवेश चालवणाऱ्या सीईटी सेलच्या लेखी या मुलीनं पुणे मागितलंच नव्हतं.

मी हट्टाला पेटलो. रविवारी तिच्या घरी गेलो, वही उघडली आणि पुण्याचा हिशेब मांडायला घेतला. आईनं मला दोन ओळीही लिहू दिल्या नाहीत.

"सर, पोरगी बाहेर ठेवाले काय लागते, ते मले नका सांगू. माह्या हातचं जेवतात त्या."

हे मला सुचायला हवं होतं. देवरीच्या पोरीला नंदनवन म्हणजे जे, तेच हिला पुणे. खोलीचं भाडं, डिपॉझिट, परीक्षेच्या महिन्यात बंद ठेवलेला डबा, आजारपणात घरून बोलावलेली आई, सामान ठेवायचं म्हणून सुट्टीतही भरलेलं भाडं, हे सगळं या बाई वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. पुण्यात कुणाची तरी भाची राहत होती, तिला फोन करून दर विचारून घेतले आणि आकडे असे निघाले. कॉटचं भाडं ६,५०० नं अकरा महिने, म्हणजे ७१,५००. डिपॉझिट १३,०००. मेस ३,६०० नं दहा महिने, ३६,०००. बस आणि वरखर्च १०,०००. घरी चार फेऱ्या, ८,०००. शिवाय कॉलेजचं विकास शुल्क आणि किरकोळ शुल्कं धरून २०,०००, कारण माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहे. पहिल्या वर्षाचे एकूण १,५८,५००.

एवढ्यावर मला वाटलं की जमू शकतं. ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवणापोटी वर्षाला ६०,००० मिळतात. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, कोर्स संपल्यावर वर्षभर हप्ता नाही, आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यानं मान्यताप्राप्त कॉलेजात तोवरचं व्याजही केंद्र सरकार भरतं. माझ्या वहीत बेरीज-वजाबाकी सुंदर जमली होती.

आईनं एकच प्रश्न विचारला. "अन् हे कधी लागतीन?"

आधार योजनेत एका जिल्ह्यात सहाशे विद्यार्थी. अर्ज प्रवेशानंतर, यादी त्यानंतर, पैसे त्याच्याही नंतर. लागलीच तर वरातीमागून घोडं. बँक कर्जाचा विचार करणार प्रवेशाचं पत्र दाखवल्यावर, आणि कागद पुरे व्हायला किती दिवस, ते मॅनेजरच जाणे. आईनं वहीचं पान उलटलं आणि फक्त पहिल्या आठवड्यात काय लागेल ते लिहिलं. डिपॉझिट १३,०००, पहिलं भाडं ६,५००, मेस ३,६००, कॉलेजला २०,०००, गादी-बादली-भांडी ५,०००. सगळे मिळून ४८,१००. पोस्टात होते ३१,०००. लॅपटॉप यात धरलेला नव्हता.

दीड लाखाचा आकडा मोठा असला, तरी वर्षभरात विभागला तर कुठूनतरी उभा राहिला असता. ऑगस्टमधल्या त्या पहिल्या आठवड्यातले सतरा हजार उभे राहत नव्हते. आम्ही शिकलेली माणसं वर्षाचा खर्च काढतो. ज्याला खरोखर भरायचे असतात, तो तारीख काढतो.

वडिलांना उसने मागता आले असते. शेटजींनी दिलेही असते, असं ते स्वतःच म्हणाले. पण स्लॅबच्या वेळी त्यांच्याकडूनच घेतलेले होते आणि ते फिटून तीन महिनेच झाले होते. कर्जाचं नाव निघालं तशी आत्या मध्ये पडली. पोरीच्या नावावर कर्ज, उद्या लग्न जमलं तर ते कोण फेडणार, हा तिचा सवाल. मला राग आला, पण बोललो नाही. मुलगी तिथंच बसली होती आणि आत्याकडे न बघता भावाच्या वहीतलं गणित तपासत होती.

त्याच ऑगस्टच्या १० तारखेला नागपूरच्या अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली. फोटो पेपरात आले तेव्हा ती मला म्हणाली, "सर, आता पुणे जवळ झालं म्हणे." हसली. मीही हसलो.

मग प्रश्न उरला नागपुरातल्या नागपुरात कुठं. इथं वडील ठाम होते. "सरकारी ते सरकारी. नाव राहते." त्यांचं म्हणणं होतं की खापरीची लागलेली जागा पक्की करून टाकावी, जास्त हाव नको.

वडिलांचा हा आग्रह समजायला थोडं मागं जावं लागतं. महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारच्या काळात, आणि १९८४ पासून नागपुरात ती कॉलेजं उभी राहू लागली. १९९३ च्या सुप्रीम कोर्टातल्या उन्नीकृष्णन खटल्यानंतर अशा कॉलेजांत निम्म्या जागा 'फ्री', म्हणजे सरकारी फीच्या, आणि निम्म्या 'पेमेंट', म्हणजे जादा फीच्या, झाल्या. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानं ती पद्धत मोडली, पण मधल्या नऊ वर्षांत बारावी झालेल्या पिढीच्या डोक्यात ती कोरली गेली. हे वडील त्याच पिढीतले. त्यांना पेमेंट सीट लागली होती. त्यांच्या वडिलांनी रक्कम ऐकली आणि उत्तर न देता जेवायला बसले. मुलगा बी.कॉम. झाला, इतवारीत लागला. खासगी कॉलेज म्हणजे आपल्याला न परवडणारं, आणि सरकारी म्हणजे आपलं, हे त्यांच्यासाठी गणित नव्हतं, घरात घडलेलं होतं. त्यांना मी शासन निर्णय वाचून दाखवला, तरी त्यांचा चेहरा बदलला नाही.

मीही मनातून खापरीच्याच बाजूनं होतो, शाखा सोडली तर. माझ्या तक्त्यात सरकारी कॉलेजची माफीबाहेरची शुल्कं साधारण ९,००० आणि घराजवळच्या खासगी कॉलेजची २०,५०० दिसत होती. वर्षाला ११,५०० चा फरक. साधा हिशेब.

तो हिशेब मुलीनं मोडला. नंदनवनाहून खापरीला जायचं म्हणजे आधी शेअर ऑटो किंवा बसनं सीताबर्डी, तिथून मेट्रो, पुन्हा उतरून कॉलेजपर्यंत ऑटो. तिनं एक दिवस जाऊन पाहिलं होतं. एका बाजूला सव्वा तास. महिन्याला १,९०० भाड्यात. पण खरा घाव पुढंच. घरी यायला साडेसहा वाजणार, म्हणजे पाचची शिकवणी बंद. महिन्याचे ४,२०० गेले. दोन्ही मिळून ६,१००, दहा महिन्यांचे ६१,०००. अकरा हजार वाचवायला एकसष्ट हजार घालवायचे. घराजवळचं कॉलेज सायकलनं पंधरा मिनिटांवर होतं आणि तिथं कॉम्प्युटर लागण्यासारखं होतं.

माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. कॉलेजची किंमत म्हणजे कॉलेजला द्यायचे पैसे, असं मी धरून चाललो होतो. तिथं गेल्यावर जे कमवायचं थांबतं, तेही किमतीतच येतं, आणि कमावणारी मुलगी असेल तर बहुतेक वेळा तोच सगळ्यात मोठा आकडा असतो.

हिंगणा रोडवरचं एक खासगी कॉलेज तिच्या पहिल्या यादीत एक नंबरवर होतं, कारण कटऑफ सगळ्यात वर त्याचं, आणि सगळे तसंच भरतात. कॅम्पसमध्ये येणाऱ्या कंपन्या पाहता ते घराजवळच्या कॉलेजपेक्षा बरं आहे, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. मी तिला ते सांगितलं. तेही लांबच, पण चार वर्षांनी लागणाऱ्या नोकरीत भाड्याचा आणि शिकवणीचा हा फरक भरून निघेल, असंही म्हटलं. तिनं विचारलं, "अन् नाही निघाला तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि चुकलो असतो तर भुर्दंड मला बसणार नव्हता. दुसऱ्या फेरीत तिनं घराजवळच्या कॉलेजचं कॉम्प्युटर एक नंबरवर टाकलं. तेच लागलं, आणि लागल्याबरोबर पक्कंही झालं. ज्या नियमाला भिऊन पुणे गाळलं, त्याच नियमानं वडिलांशी होणारा पुढचा वाद मिटवला.

प्रवेशाच्या दिवशी मी सोबत गेलो, ते बरं झालं. खिडकीवरच्या क्लार्कनं सांगितलं की माफीचे पैसे सरकारकडून येईपर्यंत पूर्ण शिक्षण शुल्काचा पुढच्या तारखेचा चेक जमा करा. वडिलांकडे चेकबुकच नव्हतं. त्यांचा हात खिशात जाऊन परत आला, तो मी पाहिला. शासन निर्णयाची प्रत मी फोल्डरात ठेवली होती. अर्धा तास बोलणी झाली, एका वरिष्ठांनी हमीपत्रावर भागवलं. सरकारकडून रक्कम उशिरा येते, ही कॉलेजांची तक्रार खोटी नाही. पण तो उशीर कुणाच्या खात्यातून भागवायचा, हे ठरवताना प्रत्येक वेळी मुनिमाकडेच का बघितलं जातं, हे मला अजून समजलेलं नाही. मी नसतो तर ते घरी परतले असते, आणि परतले असते तर खापरीची जागाही हातात राहिली नव्हती.

या सगळ्यात व्हीएनआयटीचं, म्हणजे नागपूरच्या एनआयटीचं, नावही निघालं नाही, याबद्दल दोन शब्द. शहरातलं सगळ्यात नावाजलेलं इंजिनीअरिंग कॉलेज, मेट्रोनं गाठता येणारं. एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख आहे, पण घरचं उत्पन्न एक ते पाच लाखांमध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ होते. म्हणजे या घराला साधारण ४१,६६७ पडले असते. कर्जानं भागण्यासारखे. पण तिथं जायचं दार जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेचं, आणि जेईईची तयारी म्हणजे दोन वर्षांचा क्लास. दहावीच्या सुट्टीत, २०२३ मध्ये, धरमपेठेतल्या एका क्लासची फी विचारून बाप-लेक चालत बर्डीपर्यंत आले होते, आणि वाटेत त्यांनी त्या विषयावर काही बोलणं केलं नव्हतं. तिनं माझ्या कॉलेजात अकरावी घेतली, सीईटी स्वतःच्या बळावर काढली. त्यामुळे निवड २०२५ च्या प्रवेशांत झाली असं मी वर लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. अर्धी निवड दोन वर्षं आधी, धरमपेठेतून परतताना झाली होती.

पहिलं सेमिस्टर तिनं चांगलं काढलं. सेकंडहँड लॅपटॉप २२,००० ला मिळाला, त्यातले बारा पोस्टातले. शिकवणीत आता आठ मुलं आहेत. लाल पेनानं खुणा केलेला पुण्याचा कागद माझ्याकडेच राहिला. तिनं मागितला नाही, मीही दिला नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत वडिलांचा फोन आला. धाकट्याची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले होते, दोन वर्षांचे १,३०,००० सांगत होते. मी घरी गेलो तेव्हा वही उघडीच होती. पतसंस्थेचा हप्ता मेमध्ये संपणार, डब्यांचे दर वाढवायचे, शेटजींना विचारायचं. रक्कम पुण्याच्या एका वर्षापेक्षा थोडी कमी होती. तिथं बसलेल्या कुणीच ते बोलून दाखवलं नाही, आणि या वेळी आत्याही गप्प होती.

वडील मात्र अडखळत होते. शेवटी म्हणाले, "ताईनं कुठं क्लास लावला? तरी झालंच नं तिचं."

मुलगी आतून डबे भरून आणत होती. डबे खाली ठेवले, झाकणं नीट लावली.

"झालं नं, बाबा. म्हणूनच त्याले लावा."